पिवळ्या घरावरची लाल चादर

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ रांगत होता. त्याला कोण सांभाळणार म्हणून माझं दप्तर खुंटीला लागलं. त्यानंतर पेन हातात आलं ते बँकेत सही करायला, नाहीतर साडीच्या पिशवीवर गिऱ्हाइकाची खूण लिहायला. ही वही माझ्या मुलाची बारावीची आहे. एका बाजूला त्याची गणितं आहेत, दुसरी बाजू कोरी. मी कोऱ्या बाजूला लिहिते. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागली तर चुका पोटात घाला. गणितं बरोबर आहेत.

आम्ही विदर्भातले. हे रेल्वेच्या कारखान्यात लागले, बदली होऊन लखनौला आले आणि इथेच निवृत्त झाले. डब्यांची चाकं तपासायचं यांचं काम. चाकावर हातोडी मारायची आणि आवाजावरून आत तडा आहे का ते ओळखायचं. कान इतका तयार की बाजारात मडकं घेतानाही टिचकी मारून चार मडकी परत ठेवायचे. सगळी नोकरी आम्ही क्वार्टरात काढली. तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी मला वाटायचं, कोणाला तरी विचारायला पाहिजे. निवृत्तीनंतर इथल्याच महानगर नावाच्या वस्तीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वर गच्ची आहे, तेवढं बरं.

मी साड्यांना फॉल-पिको करून देते. पंचवीस वर्षं झाली. लोकांना वाटतं त्यात काय आहे, पट्टी लावायची आणि शिवायची. पण फॉलचा रंग साडीशी जुळला नाही तर साडी चालताना खालून ओरडते. एका लालमध्ये वीस लाल असतात. अमीनाबादच्या दुकानात मी फॉल दिव्याखाली बघत नाही, दुकानाच्या पायरीवर उजेडात येऊन बघते. दुकानदार आधी चिडायचा, आता स्वतःच म्हणतो, "जाइए आंटी, धूप में देख आइए."

घर घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही इंदिरा नगरात तळमजल्याचं एक घर बघून आलो. दोन खोल्या, मागे नळ, पुढे तुळशी-मोगऱ्यापुरती जागा. उत्तरेला मोठी खिडकी होती. रंग जुळवायला उत्तरेचा उजेड सगळ्यांत खरा. त्या खिडकीखाली माझं मशीन बसेल का, ते मी पदराने मापून घेतलं. बरोबर बसत होतं. बयाणा द्यायला पुढच्या आठवड्यात जायचं होतं.

आणि मधल्या रविवारी तो आला.

लखनौत आमची मराठी बौद्ध कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी. सगळे नोकरीपायी आलेले. रविवारी एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी वंदनेला जमतो. त्यांना सगळे सर म्हणतात. वंदना झाली की चहा आणि गप्पा. पोरंसोरं हिंदीत बोलतात, आम्ही मराठीत ओरडतो, ती हिंदीत उत्तर देतात. मी तिथे फक्त वंदना म्हणते. नंतर कप गोळा करून विसळते. इतक्या वर्षांत मी चारचौघांत आपणहून बोलल्याचं मला आठवत नाही. शिकलेली माणसं बोलत असतात, त्यात आपण काय बोलणार.

त्या रविवारी दारात एक पस्तिशीचा माणूस उभा. स्वच्छ पांढरा शर्ट. हात जोडून म्हणाला, "जय भीम." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, म्हणाले, बसा. तर म्हणतो, "काहून आई, मी काय पाहुणा आहे काय?"

'काहून' म्हणजे 'का', हा आमचा विदर्भातला शब्द लखनौत आमच्या घराबाहेर मी पहिल्यांदाच ऐकला. हे खुर्चीतून उठून उभेच राहिले.

तो दुबईत राहायचा. परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना घरं मिळवून द्यायचा, म्हणजे भाड्याने देऊन पैसे कमवायची घरं. आमचा मुलगा मस्कतला आहे हे कळल्यावर तो आमच्याकडे जेवायलाच आला. ज्वारीची भाकरी केली, पाटवडीचा रस्सा केला. तीन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाला, "आई, दुबईत सगळं मिळते, हे नाही मिळत." यांचे डोळे भरून आले. मला मात्र त्याचे बूट दिसत होते. आपण बूट काढतो तसे त्याने काढले नव्हते. वळून, तोंडं दाराकडे करून, जोडीने ठेवले होते. निघताना नुसते पाय घालायचे आणि चालायला लागायचं. मला ते आवडलं नाही. का ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तो जेवून गेला त्या रात्री मुलाशी फोनवर बोलणं झालं. मुलगा आधीच तयार होता. समुद्राकाठी जॉर्जिया नावाचा देश आहे, तिथे त्याच्या कंपनीतल्या दोघांनी घरं घेतलेली.

"आई, इथे कितीही वर्षं राहिलो तरी नोकरी संपली की सामान बांधायचं. बाहेर राहणारे सगळे असंच करतात. राहायचं एका देशात, घर घ्यायचं दुसऱ्या देशात, भाडं घ्यायचं डॉलरमध्ये."

"आणि झोपायचं कुठे?" मी विचारलं.

"यार आई, तू पण ना! तीन वर्षांनी ते विकायचं आणि तुम्हाला इंदिरा नगरात मोठं घर. वरचा मजलापण तुमचा."

"मला वर नको. खिडकी पाहिजे."

यांनी फोन माझ्या हातातून घेतला. मग दोघं बराच वेळ बोलले. तीन वर्षांत घर दीडपट होतं की दुप्पट, यावर बोलणं चाललं होतं. इंदिरा नगरच्या घराला बयाणा गेला नाही.

कागद आले ते इंग्रजीत, बोटभर जाडीचे. यांनी चष्मा लावून वाचले. मी म्हटलं, "ते घर कोणी पाहिलंय का? जाऊन, डोळ्यांनी?"

"त्याने पाहिलंय ना."

"विकणाऱ्याने पाहिलंय. आपल्यापैकी कोणी?"

"अगं, आपला माणूस आहे. आपल्या माणसाला असे प्रश्न विचारतात का? चारचौघांत मान खाली जाते."

चाळीस वर्षं चाकाला हातोडी मारणारा माणूस. मडक्याला टिचकी मारणारा. या माणसाला मात्र त्यांनी टिचकी मारली नाही, कारण तो 'काहून' म्हणाला होता. परमुलखात राहणाऱ्या आमच्यासारख्यांचंच हे दुखणं आहे. नागपुरात त्याला कोणी दाराबाहेरच उभं केलं असतं, आधी तुझे वडील कोण ते सांग म्हणून. इथे आपली बोली ऐकली आणि आम्ही चटई अंथरली. यांच्या निवृत्तीच्या पैशातले बावीस लाख त्याच्या कंपनीच्या दिल्लीच्या खात्यात गेले. उरलेले मुलगा घर ताब्यात आल्यावर भरणार होता.

मार्चमध्ये पहिला फोटो आला, यांच्या फोनवर. हे मोठ्या आवाजात म्हणाले, "ये, बघ आपलं घर!" अर्धवट बांधलेली उंच इमारत होती, राखाडी. तिच्याकडे मी काय बघणार? बाजूला एक जुनं पिवळं घर होतं, त्याच्या गॅलरीत लाल चादर वाळत घातली होती. एका कोपऱ्याचा चिमटा सुटलेला, तो कोपरा खाली लोंबत होता. खरं सांगते, ती चादर बघून मला बरं वाटलं. म्हटलं, तिथेही बाई आहे, ती धुणं धुते, तिचाही चिमटा सुटतो. मी तिला मनातल्या मनात शेजारीण म्हणायला लागले.

एप्रिलमध्ये दुसरा फोटो आला. इमारत दुसऱ्या बाजूने, जवळून. शेजारणीची चादर तिथेच. कोपरा लोंबतच होता. मला वाटलं, विसरली असेल, किंवा पुन्हा धुतली असेल.

मेमध्ये तिसरा. या वेळी वरून काढलेला. मी फोन घेऊन गच्चीवर गेले आणि साडीचा रंग बघते तशी ती चादर बघितली. बोटांनी मोठी केली. लाल तोच होता. जराही विटला नव्हता. मार्चमध्ये जसा होता तसाच. कोपराही तसाच, तितकाच लोंबलेला.

मी यांना सांगितलं.

"तिला दुसरी चादर नसेल," हे म्हणाले.

"नसू दे. धुते तर असेल? दर वेळी तोच चिमटा कसा सुटतो? आणि धुतच नसेल तर दोन महिने उन्हापावसात राहून रंग उडत कसा नाही?"

"चौथी पास इंजिनिअर," हे हसून म्हणाले. फोनवर मुलालाही सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, बिल्डिंग देख ना, चादर क्या देख रही है!"

मी गप्प बसले. मला तेच येतं. पण मनातून संशय जाईना. भाकरी थापताना, सुईत दोरा ओवताना, सारखी ती चादर डोळ्यांपुढे. यांचं खरं असेल, असं मी दिवसातून दहा वेळा म्हणायची आणि अकराव्या वेळी म्हणायची की नाही, हे सगळे फोटो एकाच दिवशी काढलेत. मग स्वतःचाच राग यायचा. शिकलेली दोन माणसं सांगताहेत आणि मी गॅलरीतलं धुणं धरून बसले आहे.

शेवटी मी एक केलं. पिशवीत लाल फॉलचा वीतभर तुकडा उरला होता, चांगला सुती, पक्क्या रंगाचा म्हणून विकलेला. तो मधोमध कापला. अर्धा डब्यात ठेवला, अर्धा गच्चीवरच्या तारेला दोन चिमटे लावून अडकवला. मेचं ऊन होतं, इकडची ती भाजणारी लू वाहत होती. हे गच्चीवर आले तेव्हा म्हणाले, "हे काय तोरण?" मी म्हटलं, "असू द्या." जूनमध्ये चौथा फोटो आला, त्यात तीच चादर, तोच लाल. मी तारेवरचा तुकडा काढला आणि डब्यातल्या तुकड्याशेजारी ठेवला. एक लाल होता. दुसरा जुन्या विटेसारखा झाला होता.

यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन उजेडात धरले. मग म्हणाले, "तिथलं ऊन वेगळं असेल." पण आवाज खाली गेला होता. तडा गेलेल्या चाकाचा आवाज कसा येतो ते मी कधी ऐकलं नाही, पण त्या दिवशी मला कळलं.

यांनी त्या दुबईवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काकाजी, येत्या रविवारी मी लखनौलाच येतोय. बसून बोलू."

तो आला, पण आमच्यासाठी आला नव्हता. आमच्यात एक विधवा बाई आहेत, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचा मुलगा कतारला. त्यांनी पर्समध्ये चेक आणला होता. वंदना झाली, चहा झाला. तो फोनवर सगळ्यांना फोटो दाखवत होता, "हे बघा, काम जोरात चालू आहे." फोन माझ्याही हातात आला. पाचवा फोटो. चादर होती.

मी कप खाली ठेवला. पदराच्या गाठीतून दोन तुकडे काढले आणि उभी राहिले. काय बोलायचं ते आठवडाभर पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. तोंडातून एवढंच आलं,

"भाऊ, त्या पिवळ्या घरावरची चादर आज आहे का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो हसला. "कोणती चादर, आई?"

"मार्चमध्ये होती, आता जुलै आला. रोज ऊन लागतं तर ती अशी असायला पाहिजे." मी विटका तुकडा वर धरला. "तुमच्या फोटोत ती अशी आहे." दुसरा तुकडा धरला.

कोणीतरी हसलं. मला वाटलं जमीन फाटावी. पण सर म्हणाले, "थांबा, त्यांना बोलू द्या."

"तिथे तुमचा माणूस असेल ना?" मी म्हटलं. "आत्ता फोन लावा आणि दाखवा. इमारत नका दाखवू. फक्त चादर दाखवा."

"आई, आज रविवार. साइट बंद असते."

"रविवारी धुणंही बंद असतं का?"

या वेळी हसले ते माझ्यावर नाही. तो नेटवर्कचं काहीतरी बोलला, तिथली वेळ वेगळी आहे म्हणाला. सर शांतपणे म्हणाले, "दिवसच असेल की तिथे. लावा." त्याने फोन खिशात टाकला. नर्सबाईंनी पर्सची चेन ओढली. खर्रकन आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला. मी तिथून थेट मोरीत गेले आणि कप विसळायला लागले. दोन कप फोडले.

मुलाला हे यांनीच सांगितलं. चार दिवसांची रजा काढून तो त्या देशात गेला. पिवळं घर सापडलं. बाजूची इमारत पूर्ण झाली होती, खिडक्यांना पडदे लागले होते, लोक राहत होते. ती आमच्या बिल्डरची नव्हतीच, कधीच नव्हती. आमच्या इमारतीच्या नावाची जागा गावाबाहेर होती, तिथे गवत होतं. त्याने मला फोटो पाठवला तो गवताचा नाही, पिवळ्या घराच्या गॅलरीचा. तारेवर लहान बाळाची झबली वाळत होती. खाली लिहिलं होतं, 'आई, सॉरी.' मराठीत लिहिलं होतं. शेजारीण खरी होती, एवढं तरी खरं निघालं. झबली मी मोजली, सात होती.

पोलिसात जायचं ठरलं. यांनी तक्रार लिहिली, सुंदर अक्षरात. सर म्हणाले, आधी त्या दुबईवाल्याला बोलवा. तो आला आणि रडला. बिल्डरला परवानगीच मिळाली नाही, आमचे पैसे त्याने दुसरीकडे गुंतवले, परत करतो म्हणाला. हे विरघळायला लागले होते. मी आतूनच म्हटलं, "रडणं झालं की तारखा लिहून घ्या." सरांनी लिहून घेतल्या, सह्या झाल्या. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन लाख, आणि तक्रार सरांच्या कपाटात. एक तारीख चुकली की ती ठाण्यात. आणि प्रत्येक गावात जिथे आपली माणसं जमतात, तिथे सर फोन करणार, की हा 'काहून' म्हणत आला तर चहा द्या, चेक देऊ नका.

पहिल्या महिन्यात बँकेच्या पावतीचा फोटो आला. हे आनंदाने म्हणाले, "आले!" मी म्हटलं, "फोटो आलाय." पासबुक घेऊन त्यांना बँकेतल्या छापायच्या मशीनवर पाठवलं. आले होते. पुढच्याही महिन्यात आले. चौथ्या महिन्यात पावतीचा फोटो आला आणि पासबुकात काही नाही. यांनी सरांना फोन केला. सरांनी त्याला केला. संध्याकाळपर्यंत पैसे जमा. तेव्हापासून हे मला न सांगताच मशीनवर जायला लागले. त्यांची कानाची सवय परत आली. कोणी गोड बोललं की मान थोडी कलती करून ऐकतात.

ते इंदिरा नगरचं घर मधल्या काळात विकलं गेलं. मी एकदा रिक्षातून मुद्दाम तिथून गेले. उत्तरेच्या खिडकीत कोणीतरी कूलर बसवला होता.

शेवटचे दोन लाख द्यायला तो स्वतः आला. ड्राफ्ट घेऊन. या वेळी भाकरी केली नाही, चहा केला. तो बारीक झाला होता. ड्राफ्ट टेबलावर ठेवून म्हणाला, "झालं आई, बावीसच्या बावीस. आता तरी मनात किंतु ठेवू नका."

यांनी ड्राफ्ट उजेडात धरून बघितला. मग उलटा करून बघितला. हे त्याला 'ठीक आहे बेटा' म्हणणार तेवढ्यात मी म्हटलं, "बँकेत वटू दे."

तो हसला नाही. जय भीम म्हणाला. मीही म्हटलं. ते म्हणायला मला कोणी अडवू शकत नाही, त्यालाही नाही. त्याला दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा बघितलं. बुटांची तोंडं बाहेरच होती. त्याने नुसते पाय घातले आणि जिना उतरला.

तिसऱ्या दिवशी हे मशीनवरून आले आणि पासबुक माझ्या हातात दिलं. मी ते गच्चीवर घेऊन गेले. उजेडात आकडा वाचला, बोट ठेवून शून्यं मोजली, मागच्या पानापासून सगळे हप्ते पुन्हा जोडले. बावीस झाले. खाली येऊन यांना सांगितलं, "हो, फिटले."